नागड्या हंसिणीचा भाव

क्राट्झरांच्या कारखान्याच्या अंगणात त्या सकाळी सिमेंटच्या चारशे बारा हंसिणी उभ्या होत्या, लोक घराच्या दारात ठेवून ज्यांना सणावारी कपडे घालतात तशा. प्रत्येकीची उंची पंचवीस इंच, वजन सत्तर पौंड, मान किंचित डावीकडे वळलेली. तीनशे सत्तर जणींच्या अंगावर पिवळे रेनकोट आणि डोक्यावर पिवळ्या टोप्या होत्या. एकेचाळीस जणी गावातल्या शाळेच्या फुटबॉल संघाच्या निळ्या जर्सीत होत्या. उरलेल्या एकीवर पलंगाची चादर टाकलेली होती. आर्डिथ मॉइलने सगळ्या दोनदा मोजल्या, एकदा पुलाच्या बाजूने आणि एकदा गोदामाच्या बाजूने. दोन्ही वेळा आकडा तोच आला, तेव्हा तिने चादरीचं टोक उचललं.

"अगं बाई, सोड ते!"

कारखान्याचे हिशेब सांभाळणारी व्हर्ना क्राट्झर पायऱ्यांवरून जवळजवळ धावतच खाली आली. तिने चादर आर्डिथच्या हातातून ओढून घेतली आणि चारी बाजूंनी सारखी केली.

"ती आत तशी आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"तशी म्हणजे?"

"तशी म्हणजे तशीच! तिचे कपडे अजून शिवून आलेले नाहीत."

आर्डिथने मान डोलावली आणि नोंद केली: कपड्यांविना, एक.

आर्डिथ पंचवीस वर्षांची होती. पदवी भौतिकशास्त्राची, नोकरी हॅरिसबर्गला, राज्याच्या उत्पादन मोजणाऱ्या खात्यात. दर तिमाहीला पेनसिल्व्हेनियात किती डॉलरांचा टिकाऊ माल तयार झाला, हे काढणाऱ्या चार माणसांपैकी ती एक होती. टिकाऊ म्हणजे तीन वर्षं किंवा जास्त टिकणारा: फ्रिज, लेथ मशीन, रेल्वेचं इंजिन, शवपेटी. बाकीचा माल म्हणजे पाव, कागद, सदरे, रंग. कारखान्याला निम्म्याहून जास्त पैसे ज्या मालातून मिळतात, त्या मालाच्या खणात अख्खा कारखाना जातो. तिला हे फार आवडायचं. जगात जे जे म्हणून कारखान्यातून बाहेर पडतं ते या दोनांपैकी एका खणात बसतंच, आणि कुठलीही वस्तू दोन्ही खणांच्या मधल्या भिंतीवर बसलेली तिने आजवर पाहिली नव्हती.

मार्चच्या फेरतपासणीत क्राट्झरांचा कारखाना टिकाऊतून निघून दुसऱ्या खणात, कपड्यांमध्ये, गेला. राज्याच्या बेरजेत त्याने काही फरक पडला नाही, पण त्या जिल्ह्यात टिकाऊ माल करणारा दुसरा कारखानाच नव्हता. जिल्ह्याचं टिकाऊ उत्पादन एका रात्रीत शून्य झालं आणि त्याबरोबर पुलाचे पैसेही गेले. म्हणून आर्डिथ स्वतः बघायला आली होती.

पूल कारखान्याच्या दारातच होता. नोव्हेंबरात त्याच्या खांबांना तडे सापडले आणि त्याच्यावर तीन टनांच्या मर्यादेची पाटी लागली. ट्रक बंद झाले. दुसरा रस्ता रेल्वेच्या रुळांखालच्या ठेंगण्या बोगद्यातून होता, आणि त्यातून ट्रकचं डोकं जात नव्हतं. राज्याकडे पूल दुरुस्तीचा एक निधी होता, पण तो टिकाऊ माल करणाऱ्या जिल्ह्यांसाठीच, कारण टिकाऊ माल जड असतो. क्राट्झरांच्या अर्जाला उत्तर आलं होतं की आपला उद्योग तयार कपड्यांचा असून कपड्यांची ने-आण तीन टनांच्या पुलावरून सहज होऊ शकते.

"आणि होतेच की!" हार्लन क्राट्झर म्हणाला. व्हर्नाचा धाकटा भाऊ, कारखान्याचा मालक. त्याच्या भुवयांवर सिमेंटची भुकटी बसली होती, त्यामुळे तो सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. "कपडे झक्क जातात. व्हर्ना स्वतःच्या गाडीतून टपालघरात पोचवते. पण हंसिणी बसल्यात इथे अंगणात. अंगण भरलं म्हणून मी साचे बंद केले. अकरा माणसं बसवून ठेवलीयत, मिस मॉइल. ऑक्टोबरपर्यंत पगार काढीन कसाबसा. त्यानंतर कुलूप."

"हंसिणी विकल्या गेल्या नाहीत, तर कपडे तरी कोण घेणार?" आर्डिथने विचारलं.

"हेच तर मी त्या पत्रात लिहिलं होतं! त्यांनी मला शिलाईच्या टाक्यांच्या दर्जाबद्दल माहितीपत्रक पाठवलं."

तिघं कचेरीत बसली होती. कचेरीच्या दारातही एक हंसीण होती, काळ्या झग्यात, कारण क्राट्झरांच्या मावशीला जाऊन अजून महिना झाला नव्हता.

"मी एक सरळ प्रश्न विचारते," आर्डिथ म्हणाली. "रेनकोटवाली हंसीण एकशे दहा डॉलरना जाते. त्यातले हंसिणीचे किती?"

"शून्य," व्हर्ना म्हणाली.

"शून्य?"

"एकशे दहा डॉलर रेनकोटाचे. हंसीण त्याच्यावर फुकट. बावीस वर्षं मी असंच बिल करते. आपल्या राज्यात कपड्यांवर विक्रीकर नाही, सिमेंटवर सहा टक्के आहे. गिऱ्हाइकाचे सहा डॉलर साठ सेंट वाचतात."

हार्लनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ऐकलंत? माझ्या सख्ख्या बहिणीने मला शिंपी करून टाकलं!"

"तू गप्प बैस. तुझ्या शिंपीपणावर बावीस वर्षं जेवतोयस."

"हंसिणीच्या कपड्यांना तो कायदा लागू होतो का?" आर्डिथने विचारलं.

"कायद्यात कपडे लिहिलंय. कोणाचे ते लिहिलेलं मला तरी दिसलं नाही." व्हर्नाने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का? तू त्यांना सांगणारेस?"

"ते दुसरं खातं. आम्हाला कोणाचंही काही कोणाला सांगता येत नाही, तशी शपथच असते. आम्ही फक्त मोजतो."

"मग मोज की! सत्तर पौंडांची बाई आणि अर्ध्या पौंडाचा रेनकोट!" हार्लन म्हणाला. "कोण जड?"

"वजनाने मोजत नाहीत, मिस्टर क्राट्झर. किमतीने मोजतात."

"मग व्हर्ना बिल बदलेल. आजपासून हंसीण शंभर, रेनकोट दहा."

"मी बदलणार नाही," व्हर्ना म्हणाली. "आज शंभर म्हटलं की बावीस वर्षांचं शून्य खोटं ठरतं. शून्य म्हणजे शून्य."

आर्डिथलाही ते पटलं. पूल हवा म्हणून ठरवलेली किंमत ही किंमत नव्हेच. तिला बाहेरचा भाव हवा होता: कोणीतरी परक्या माणसाने, कपड्यांविना असलेल्या हंसिणीला, स्वतःच्या खिशातून दिलेला.

"आजवर एखादी हंसीण कपड्यांविना विकली गेलीय का?"

भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिली.

"पोरी," हार्लन हळू आवाजात म्हणाला, "आम्ही तसला धंदा करत नाही."

पण शनिवारी गावात अग्निशमन दलाचा वसंतातला लिलाव होता. दरवर्षी लोक पंपाच्या नव्या नळ्यांसाठी जुनी खाटली, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या आणि डुकराची पिल्लं विकायला आणत. आर्डिथने आकडेमोड केली. क्राट्झरांकडे एका हंसिणीमागे सरासरी दोन पोशाख खपत होते, एक तिच्या अंगावर आणि एक पुढच्या सणाला. म्हणजे नागड्या हंसिणीला दोन पोशाखांहून जास्त भाव आला तर कारखाना टिकाऊ, नाही तर शिंपी. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या विकायच्या. क्राट्झर, त्यांचे कामगार आणि त्यांचे नातेवाईक यांनी बोली लावायची नाही. जो भाव येईल तो हॅरिसबर्गला जाईल.

"आणि शून्य आला तर?" हार्लनने विचारलं.

"तर शून्य जाईल."

लिलाव पुकारणारा लामार झूग हा लांबलचक, वाळक्या चेहऱ्याचा माणूस. आर्डिथचं सगळं ऐकून घेतल्यावर त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "चाळीस वर्षांत मी काय काय विकलं असेल! एकदा एका माणसाचे दात विकले, तो समोर बसलेला असताना. पण हे... इथे पाद्री येतात, बाई."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांत माणसाचं नाव जातं," लामार म्हणाला. पण नळ्या खरंच फुटल्या होत्या.

शनिवारी बंबांच्या शेडमध्ये दोनशे चौदा माणसं होती. रेनकोट आधी निघाला, टोपीसकट, हॅंगरला अडकवलेला. तो बघता बघता एकतीस डॉलरना गेला. आर्डिथने मनात दुप्पट केले. बासष्ट. हंसिणीला बासष्टच्या वर जायला हवं होतं.

मग दोन जवानांनी चादरीतली हंसीण टेबलावर ठेवली आणि लामारने, चेहरा छताकडे करून, चादर ओढली.

हंसीण राखाडी होती. साच्याचा जोड तिच्या पोटावरून सरळ खाली गेलेला दिसत होता. कोणीतरी एका मुलाचे डोळे झाकले.

"तर मंडळी," लामार छताला म्हणाला, "एक हंसीण. आहे... आहे तशी. वीस कोण म्हणतं?"

मागून एका शेतकऱ्याने बूट आपटला. वीस. लामार पंचवीस म्हणणार, इतक्यात पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला, पुढे गेला आणि आपली गवती टोपी हंसिणीच्या डोक्यावर ठेवून परत जागेवर येऊन बसला.

"थांबवा," आर्डिथ म्हणाली. "टोपी काढा. आता ती टोपीसकटची किंमत होईल."

"तिला थंडी वाजत असेल," म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला.

टोपी काढली. परत वीसपासून सुरुवात झाली. बावीसवर सूपच्या टेबलामागच्या एका बाईने ॲप्रन सोडून हंसिणीच्या कमरेला बांधला. ॲप्रन काढला. तिसऱ्या वेळी दलाचा प्रमुखच पुढे आला आणि त्याने आपला आगीत घालायचा कोट तिच्या खांद्यांवर टाकला. आर्डिथच्या मनात येऊन गेलं की हा कोट मात्र तीन वर्षांहून जास्त टिकत असणार. तिने तो विचार बाजूला सारला.

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"बाई, मी जळत्या घरातून माणसं काढलीयत," प्रमुख म्हणाला. "हे मला बघवत नाही."

भिंतीशी हार्लन उभा होता. त्याने आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, चुकून बोली लागू नये म्हणून. व्हर्नाने सुरुवातीपासूनच पाठ केलेली होती.

आर्डिथ त्या पाठीकडे बघत राहिली. प्रयोगशाळेत तिने अशा गोष्टी मोजल्या होत्या ज्या उजेड पडला की बदलत. तिथे दिवा बंद करत.

"मिस्टर झूग," ती म्हणाली, "सगळ्यांना पाठ करून उभं राहायला सांगा."

"काय?"

"कोणी बघायचंच नाही. बघितलं नाही तर झाकावंसं वाटणार नाही. सगळ्यांनी ती एकदा पाहिली आहे, काय विकलं जातंय ते माहीत आहे. पाठ करूनच बोली लावायची."

"अहो, मी भुवयांवर चालतो!" लामार कळवळून म्हणाला. "हा नाक खाजवतो म्हणजे पाच, ती पर्स बंद करते म्हणजे बास. पाठीला नाक असतं का?"

"हात असतात. मागे करायचे."

लोकांना हे ऐकून इतकं हायसं वाटलं की लामारने सांगायच्या आतच अर्धी शेड वळली होती. खुर्च्या खरडल्या गेल्या. दोनशे माणसं दाराकडे तोंड करून, हात कमरेमागे घेऊन उभी राहिली. टेबलावर हंसीण, तिच्या एका बाजूला लामार, दुसऱ्या बाजूला आर्डिथ.

"वीस," लामार म्हणाला, आणि सात हात वर झाले.

तीस. पस्तीस. चाळीसला पाच हात खाली गेले आणि दोनच उरले. एक हात गोधड्यांच्या ढिगाजवळच्या ठेंगण्या बाईचा होता, हातमोज्यातला. दुसरा सफरचंदाच्या केकच्या टेबलाजवळचा, भला मोठा, अंगठ्याला पट्टी बांधलेला.

"पंचेचाळीस." मोठा हात. "पन्नास." हातमोजा. लामार आता पेटला होता. त्याचा आवाज चढला, शब्द एकमेकांत घुसायला लागले. "पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न, दिले! साठ, साठ आहेत का साठ, दिले!"

तेवढ्यात त्याने जीभ चावली आणि आर्डिथकडे वाकला. "अहो," तो कुजबुजला, "ती फर्न शर्क आहे. आणि तो एलवूड शर्क."

"मग?"

"नवराबायको आहेत! एकाच घरातून एकमेकांवर चढवतायत."

आर्डिथने दोन्ही पाठींकडे पाहिलं. भाव साठवर होता. हार्लन अजून स्वतःचा हात धरून उभा होता. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता. तिने नियम मनातल्या मनात पहिल्यापासून वाचले. विकणाऱ्याचे नातेवाईक नकोत, असं होतं. घेणाऱ्यांनी एकमेकांचं नातेवाईक असू नये, असं कुठेही नव्हतं. शिवाय पैसे खरे होते. जो जिंकेल त्याला ते द्यावेच लागणार होते.

"त्यांना माहीत आहे?"

"पाठीला डोळे असते तर झालं असतं माहीत."

"मग चालू ठेवा," आर्डिथ म्हणाली.

"पासष्ट!" लामार ओरडला. अंगठ्याची पट्टी वर गेली. सत्तर. पंच्याहत्तर. ऐंशीला हातमोजा अर्धा खाली आला आणि परत वर गेला. पंच्याऐंशीला मोठ्या हाताने विचार करायला वेळ घेतला आणि मग तो सावकाश वर गेला.

"सत्त्याऐंशी," फर्न शर्क दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आणि जो कोणी गाढव माझ्यावर चढवतोय, त्याला देव बघून घेईल!"

मोठा हात झटकन खाली आला.

"सत्त्याऐंशी एक, सत्त्याऐंशी दोन..." लामारने हातोडा आपटला. "विकली!"

सगळे वळले, आणि हंसीण अजून तशीच आहे हे बघून अर्धे परत फिरले. फर्न तिच्यापाशी पोचली तेव्हा तिने गळ्यातला रुमाल आधीच सोडलेला होता.

"फर्न?" मागून एलवूड म्हणाला. "तू होतीस?"

"मी होते म्हणजे? आणि तू कुठे होतास?"

एलवूडने पट्टी बांधलेला अंगठा खिशात घातला. "केकजवळ."

"एलवूड शर्क. ते गाढव तू होतास?"

"आपली जुनी हंसीण जानेवारीच्या थंडीत चिरली ना. तू तिच्याजवळ बसून रडलीस. मला वाटलं, वाढदिवसाला..."

"आणि मला बघवत नव्हतं, म्हणून म्हटलं घरी नेऊन काहीतरी घालू तिला. तू गप्प बसला असतास तर बेचाळीसला मिळाली असती!"

"तू गप्प बसली असतीस तर मलासुद्धा!"

"उचल आता. आणि पोटाला धर, मानेला नको."

हार्लन आर्डिथपाशी आला. त्याने अखेर स्वतःचा हात सोडला होता, आणि त्या हातावर बोटांचे पांढरे वळ उठले होते. "झालं का?" त्याने विचारलं. "लागतं का हे?"

"मला विचारावं लागेल."

तिने शेडच्या बाहेर येऊन खात्याच्या वरिष्ठांना, मिस्टर ओव्हरडॉर्फना, फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं: टोपी, ॲप्रन, कोट, पाठी, नवराबायको.

"दोनशे माणसांनी वस्तूकडे पाठ करून खरेदी केली?" ओव्हरडॉर्फ म्हणाले.

"हो सर."

"का?"

"ती नागडी होती, सर."

"हं. पैसे दिले?"

"रोख. आणि घेऊन गेले. गाडीच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून."

"मग तो भाव आहे," ओव्हरडॉर्फ म्हणाले. "मी तर न बघता घर घेतलंय. किती आले?"

"हंसीण सत्त्याऐंशी. दोन पोशाख बासष्ट. हंसिणीचा वाटा अठ्ठावन्न पूर्णांक चार टक्के."

"दशांश एकच लिहा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आर्डिथ आत आली तेव्हा क्राट्झर भाऊबहीण रिकाम्या टेबलाशी उभी होती. व्हर्ना पलंगाची चादर घडी करत होती.

"टिकाऊ," आर्डिथ म्हणाली.

हार्लन खाली बसला. खुर्ची नव्हती, तो जमिनीवरच बसला. व्हर्नाने घडी पुरी केली, चादर काखेत धरली आणि आर्डिथचा दंड दाबला.

"तू भली मुलगी आहेस," ती म्हणाली. "पण माझ्याकडे हंसीण फुकटच राहील हो."

जूनमध्ये पुलाचे पैसे मंजूर झाले. जुलैत जुने खांब काढले आणि सप्टेंबरच्या शेवटी तीन टनांची पाटी उतरली. हार्लनने तिची फळी करून कचेरीत लावली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्याच्या दारात वर्षातला पहिला ट्रक उभा राहिला. व्हर्नाने तोवर सगळ्या हंसिणींचे रेनकोट आणि जर्सी उतरवून, महिनाअखेरच्या भुताखेतांच्या सणासाठी, त्यांना चेटकिणींचे काळे झगे आणि टोकदार टोप्या चढवल्या होत्या. हे काम तिने गोदामात, दार लावून, एकटीने केलं.

आर्डिथने त्या दिवशी रजा टाकली होती. कोणी विचारलं नव्हतं, पण ती आली, आणि ट्रकच्या मागोमाग आपल्या गाडीतून पूल ओलांडून धान्याच्या गिरणीपर्यंत गेली. तिथे गाड्या तोलायचा मोठा काटा होता, आणि या वेळी तिला वजनाने मोजायचं होतं. ट्रक सकाळी रिकामा तोलून नेला होता. आता तो भरलेला काट्यावर चढला. गिरणीवाल्याने काच पुसली आणि आकडा वाचला. आर्डिथने त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा केलं.

चारशे अकरा हंसिणी, कपड्यांसह: अठ्ठावीस हजार नऊशे ऐंशी पौंड.